या वेळी नारालूला जायचंच

शनिवार, २३ नोव्हेंबर. फ्रीमँटल

उद्या निघायचं! सामानाची यादी तीनदा तपासली. शेवटी केल म्हणाला, "मोया, आता चौथ्यांदा तपासलीस तर मी यादीच खाऊन टाकीन."

अंगणात नऊ शिडं, सात फळ्या, सहा डोलकाठ्या आणि चार म्हातारी माणसं पसरलेली आहेत. म्हातारी म्हटलेलं ग्लेनिसला चालत नाही. ती एकसष्ट वर्षांची आहे, चाळीस वर्षं रुग्णालयात परिचारिका होती, आणि आजही माझ्या दुप्पट वेगाने शीड बांधते. केल चौसष्टचा, नळकाम करायचा. डाव्या कानाने ऐकू येत नाही, त्यामुळे नको असलेलं सगळं तो डाव्या कानाने ऐकतो. आंते साठचा. त्याचे आजोबा क्रोएशियाहून इथे आले ते शेवंडं पकडायला, आणि आंतेनेही जन्मभर तेच केलं. आणि मी, अठ्ठावन्न, भूगोलाची निवृत्त शिक्षिका. म्हणूनच आंते मला नावाने हाक मारत नाही, 'मास्तरीण' म्हणतो.

१९९१ मध्ये आम्ही चौघं पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याच्या विंडसर्फिंग संघात होतो. सांघिक शर्यत जिंकलो त्या दुपारी ठरवलं होतं, की पुढच्या उन्हाळ्यात गाडी काढायची आणि वारा धरून किनाऱ्याने उत्तरेला जायचं, थेट लाटांसाठी नावाजलेल्या नारालूपर्यंत. मग लग्नं झाली, मुलं झाली, माझा घटस्फोट झाला, आंतेची बायको गेली. पुढचा उन्हाळा यायला तेहतीस वर्षं लागली. या वेळी मी सगळ्यांच्या मागे लागले. अडीच आठवड्यांचा बेत, थांबे, पाणी, सगळं माझं. या बाईला रिकामा वेळ देऊ नये, असं केल सगळ्यांना सांगत फिरतो.

ही वही ग्लेनिसने निवृत्तीला दिलेली. म्हणाली होती, "खरं खरं लिहायचं हं." खोटं कशाला लिहीन?

रविवार, २४ नोव्हेंबर. लॅन्सलिन

पहिला वारा! दुपारी एकला दक्षिणेकडून आला आणि पाच मिनिटांत अख्खी खाडी पांढरी झाली. केल तर जेवणाचं ताट तसंच टाकून धावला. आंतेने खडकापलीकडे जाऊन अशी एक उडी मारली, की वाळूवरची पोरंसुद्धा ओरडली. साठ वर्षांचा माणूस! खाली येताना मात्र त्याने किनाऱ्याकडे वळून पाहिलं. मी कॅमेऱ्यात पकडलं की नाही हे बघत असणार. पुरुषांचा मिरवायचा सोस काही वयाने जात नाही.

मी पाण्यात गेले नाही. तंबू ठोकायचे होते, चूल लावायची होती, कोणी तरी करायलाच हवं. ग्लेनिसने माझं साडेचार चौरस मीटरचं शीड बांधून, फळीला लावून, वाळूवर तयार ठेवलं होतं. तिला सकाळीच सांगितलं होतं, की आज मी कामात आहे. विसरली बिचारी.

दोन वर्षांपूर्वी इथेच, याच खडकापाशी मी शिडाखाली अडकले होते. कमरेचा पट्टा शिडाला अडकवतात त्या हार्नेसच्या दोरीला पीळ बसला होता, बाकी काही नाही. आंते आला, त्याने शीड उलटलं. मी थोड्या वेळात सुटलेच असते. उगाच लिहिलं हे. त्याचा आजच्याशी काही संबंध नाही.

सोमवार, २५ नोव्हेंबर. लॅन्सलिन

वारा कालच्याहून जोरात. तिघं चार तास पाण्यात. मी एकशे सत्तर फोटो काढले, त्यातले तीस फार सुरेख आलेत. ग्लेनिसने आजही शीड बांधून ठेवलं आणि आजही संध्याकाळी तसंच सोडलं. माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं, साध्या साध्या गोष्टी विसरण्यापासून.

बुधवार, २७ नोव्हेंबर. कॉरोनेशन बीच, जेराल्डटनच्या वर

आज उतरले पाण्यात! पुळणीच्या कडेकडेने दहा मिनिटं. शीड भरलं, फळी पाण्यावर उठली, आणि मी मोठ्याने किंचाळले. आनंदाने. अठ्ठावन्नाव्या वर्षीही पायाखालचं पाणी तस्संच थरथरतं. मग फळीखालची फिन जरा सैल वाटली म्हणून परत आले. ग्लेनिसने फिन हलवून पाहिली आणि म्हणाली, "घट्ट आहे गं."

"मला सैल लागली."

"बरं," ती म्हणाली, आणि तरीही पुन्हा आवळून दिली.

संध्याकाळी भांडी घेऊन नळावर गेले, तर गाडीमागे केल आणि ग्लेनिस कुजबुजत होते. केल कुजबुजला तरी ते दोन तंबूंपलीकडे ऐकू जातं.

"तिला एकदा तोंडावर सांगून टाकू या."

"नाही. आपल्या पायांनी येऊ दे तिला."

"आणि नाहीच आली तर?"

"आंते म्हणतो, येईल."

माझा वाढदिवस बारा डिसेंबरला असतो! म्हणजे यांचं काही तरी गुपित शिजतंय. मी भांडी जोरात आपटली, म्हणजे त्यांना कळावं आणि त्यांचा बेत फसू नये. केक कुठे लपवतील, बघू या.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर. कार्नार्व्हन

पावणेपाचशे किलोमीटर. दोन्ही बाजूंना लाल माती, एमू, आणि केलचं गाणं. रोडहाऊसवर थांबून मटणाचं सारण भरलेले 'पाय' खाल्ले. केलच्या पायमधलं मटण त्याच्या शर्टावर सांडलं, आणि पुढचे दोनशे किलोमीटर माश्यांनी त्याला एकट्याला धरलं.

इथे आंब्याचा मोसम आहे. आंते फाटकावर गाडी थांबवून मळ्यात गेला आणि पिशवीभर आंबे घेऊन आला. सगळ्यांत मोठा माझ्या हातात ठेवला. म्हणाला, "तुला देठाजवळ लाल असलेला आवडतो ना."

"तुला कसं माहीत?"

"शहाऐंशी साली ब्रूमला खाल्ला होतास. पिवळा झगा होता. सगळा रस त्यावर."

"डाग गेलेच नाहीत त्याचे," मी म्हटलं.

शेवंडवाल्यांची स्मरणशक्ती भारी असते. समुद्रात शेकडो पिंजरे कुठे टाकले ते लक्षात ठेवावं लागतं ना.

शनिवार, ३० नोव्हेंबर. नारालू!!!

पोचलो! पोचलो! पोचलो!

शेवटचा पाऊण तास रस्ता नुसता पन्हाळीच्या पत्र्यासारखा. ग्लेनिसची कवळी निघेल अशी भीती वाटली, आणि माझीही. मग एका टेकाडावरून गाडी वळली आणि समोर तो. निळा तर आहेच, पण तो निळा कुठे संपतो आणि पांढरा कुठे सुरू होतो हे डोळ्यांना कळत नाही. प्रवाळाच्या कट्ट्यावर लाट उभी राहते, डावीकडून साल सुटावी तशी उलगडत येते, एवढी लांब, की केलने आकडे मोजायला सुरुवात केली आणि एकवीसवर ती फुटली. चौघंही गाडीतून उतरून बघत उभे राहिलो.

केल म्हणाला, "तेहतीस वर्षं आपण काय करत होतो रे?"

"कर भरत होतो," ग्लेनिस म्हणाली.

मी रडले थोडी. माश्यांमुळे असेल.

रविवार, १ डिसेंबर. नारालू

तिघंही लाटेवर! ग्लेनिसने आयुष्यातली सर्वांत लांब लाट घेतली आणि बाहेर येऊन वाळूवर लोळण घेतली, कुत्र्याच्या पिल्लासारखी. मी कड्यावर, मोठ्या भिंगाचा कॅमेरा लावून. इथून सगळं दिसतं, कोण कुठे आहे, कोण पडलं, कोण उठलं. अशी जागा कोणी तरी धरायलाच हवी. वारा इथे किनाऱ्याकडून तिरका समुद्राकडे वाहतो. काही मोडलं तर माणूस थेट आफ्रिकेच्या दिशेने निघतो.

दुपारी आंते वर आला. ओल्या अंगाने माझ्या शेजारच्या दगडावर बसला.

मग म्हणाला, "आज काय झालं?"

"कशाचं काय?"

"फिन? तंबू? स्वयंपाक?"

"फोटो कोण काढणार?"

"मास्तरीण, आम्हा म्हाताऱ्यांचे एवढे फोटो बघणार कोण?"

मी चिडले. म्हटलं, "तुझ्या उड्या मारून झाल्यावर तूच आधी विचारतोस, काढलास का म्हणून."

"मी कधी विचारलं?"

आठवून पाहिलं. विचारलं नाहीये खरं. पण बघतो तर सारखा इकडेच.

सोमवार, २ डिसेंबर

वारा पडला. सगळे चिडचिडे. रानबोकडाने पाव पळवला. सकाळी चहा पिताना केल एकदम म्हणाला, "मोया, मी सरळ माणूस आहे. दोन वर्षं तू समुद्रात उतरली नाहीस."

"पाच दिवसांपूर्वी उतरले की!"

"ते पुळणीवर. गुडघाभर पाण्यात."

"मी नदीवर दर आठवड्याला..."

"नदी म्हणजे नदी, बाई."

"केल," ग्लेनिस म्हणाली.

"काय केल? कोणी तरी बोलायला नको? तू रोज हिचं शीड बांधायचं आणि संध्याकाळी सोडायचं, हे आपण सुटी संपेपर्यंत करणार का?"

मी उठून आले. इतकी वर्षं वर्गात चाळीस पोरांना गप्प केलं, पण केलपुढे मीच पळ काढला.

तंबूत बसून ठरवलं, तारखाच लिहून काढायच्या. लॅन्सलिनच्या त्या दिवसानंतर मी समुद्रात किती वेळा शीड घेऊन गेले, ते सालवार, महिनावार. शिक्षकाला पुरावा लागतो.

खाली पान मोकळं आहे. पाऊण तास झाला.

म्हणजे ग्लेनिस विसरत नव्हती.

मंगळवार, ३ डिसेंबर

काही लिहावंसं वाटत नाही. वाढदिवसाचंही गुपित वगैरे काही नव्हतं, हेही लक्षात आलं.

गुरुवार, ५ डिसेंबर. सकाळ

कालचं आज लिहितेय. काल पेन धरता येत नव्हतं. आजही बोटं नीट मिटत नाहीत, अक्षर बघा कसं आलंय.

काल वारा परत आला, तोही दणकून. केल सकाळीच गाडी घेऊन पाणी आणि पाव आणायला कार्नार्व्हनला गेला होता. एक वाजता ग्लेनिस आणि आंते पाण्यात उतरले. अर्ध्या तासात ग्लेनिस परत आली, तळपाय प्रवाळाने कापलेला, चांगला खोल. ती वाळूवर बसून स्वतःच पट्टी बांधत होती आणि मला ऐकू जाईल अशा शिव्या घालत होती. तिने माझं शीड आजही बांधून ठेवलं होतं. आम्ही त्याबद्दल बोललो नव्हतो.

मी कड्यावर. आंते कट्ट्याच्या पार बाहेर, पुढची लाट पकडायला वळत होता. भिंगातून बघत होते. शीड एकदम चुरगळलं. आधी वाटलं नुसता पडला. मग डोलकाठीचं वरचं टोक एकीकडे आणि खालचं दुसरीकडे तरंगताना दिसलं. मी वाट पाहिली. काठी मोडली की माणूस शीड सोडून देतो, फळीवर पालथा पडतो आणि हातांनी वल्हवत येतो. तो फळीवर चढलाच नाही. फळीला एका हाताने धरून होता. दुसरा हात छातीशी. आणि तो लहान होत चालला होता.

खाली धावले. ग्लेनिसला सांगितलं. ती लगेच उठली आणि लगेच खाली बसली.

"तू तिकडच्या तंबूंकडे जा," मी म्हटलं. "त्या मासेमारीवाल्यांकडे होडी आहे."

"मला तिथवर लंगडत जायला वीस मिनिटं लागतील, मोया. ते होडी काढणार, फिरून येणार. तोवर तो..." ती थांबली. "पाण्यात नुसतं डोकं दिसत नसतं गं. त्यांना सापडायचा नाही."

दोघींनीही त्या शिडाकडे पाहिलं. ती जा म्हणाली नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. तिने मला जा म्हटलं नाही.

ग्लेनिस लंगडत तंबूंकडे निघाली, मी जाकीट चढवलं. हार्नेसची दोरी तीन वेळा पाहिली. मग एक शहाणपणाचं काम केलं, आणि ते मला कसं सुचलं देव जाणे. पाण्यात शिरण्याआधी वळून जमीन पाहिली. कड्यावरची पाण्याची टाकी आणि तिच्यामागे वाळूच्या टेकडीतली खाच. आंते जिथे होता तिथून या दोन खुणा एकामागे एक येणार होत्या. आयुष्यभर पोरांना नकाशावर दिशा काढायला शिकवली. एकदा तरी उपयोगाला आली.

लाटा मोजल्या. पाच मोठ्या, मग मोकळीक. पाचवी गेली आणि मी निघाले.

सहावीही होती.

ती समोर उभी राहिली तेव्हा मला लॅन्सलिन आठवलं नाही, काहीच आठवलं नाही. फळी तिच्यावर चढली, नाक वर झालं, शीड भरलं, आणि मी पलीकडे आपटले. पण उभीच! मी मोठमोठ्याने बोलत होते. काय बोलत होते आठवत नाही. बहुधा नववीच्या वर्गाला ओरडत होते.

बाहेर पाण्याचे डोंगर. खळग्यात गेलं की जग नाहीसं, माथ्यावर आलं की क्षणभर सगळं. टाकी आणि खाच सारखी जुळवत राहिले. तिसऱ्या फेऱ्यात फळीचं नारिंगी बूड दिसलं.

आंते पांढराफटक पडला होता. ओठ निळे. बूम, म्हणजे शीड धरायचा आडवा दांडा, बरगडीवर आदळला होता, श्वास घेताना तोंड वाकडं होत होतं.

"मास्तरीण?" तो म्हणाला. "तू इथे काय करतेस?"

"फोटो चांगले येईनात तिकडून."

तो हसायला गेला आणि कळवळला.

मी त्याची फळी माझ्या फळीला दोरीने बांधली. ओढून आणणं शक्य नव्हतं, ते दोघांनाही कळत होतं. मग पाण्यात पाठीवर तरंगत शीड दोन्ही हातांनी वर उभं धरलं. लाल-पांढरं शीड, चार मीटर उंच. आडवं पडलं तर कोणालाही दिसलं नसतं. उभं धरलं तर दूरवरून दिसलं असतं. एवढंच काम होतं माझं, ते पडू न देण्याचं. वारा ते उपसून न्यायला बघायचा, मी थोडं सैल सोडायची, परत धरायची. दहा मिनिटांत दंड जळायला लागले. मग जळायचे थांबले, ते आणखी वाईट.

त्याला झोप यायला लागली तशी मी त्याला राजधान्या विचारायला लागले.

"मंगोलिया?"

"उलान... काही तरी."

"पूर्ण."

"उलानबातर. मोया, ऐक. मला तुला एक सांगायचंय. बरीच वर्षं..."

"दम राख," मी म्हटलं. "बोलू नकोस. पेरू?"

"मोया..."

"पेरू, आंते!"

"लिमा," तो म्हणाला आणि डोळे मिटून हसला.

पस्तीस मिनिटं. ग्लेनिसने घड्याळ लावून मोजली. मग इंजिनचा आवाज आला. अॅल्युमिनियमची लहानशी होडी, तीत एक आजोबा आणि त्यांची सून. सून म्हणाली, "शीड दिसलं म्हणून सरळ आलो, नाही तर आम्ही पार उत्तरेला शोधत होतो." त्या दोघांनी मिळून आंतेला वर घेतलं. माझ्यासाठी जागा होती, शिडासाठी नव्हती.

"सोडा ते शीड, ताई," आजोबा म्हणाले. "चढा वर."

मी होडीकडे पाहिलं. चढायची इतकी इच्छा होती, की पाय आपोआप हलला. आणि तेव्हाच कळलं, की चढले तर पुन्हा कधी उतरणार नाही. नदीवरसुद्धा नाही.

"मी येते मागून," म्हटलं.

"मास्तरीण, वेडेपणा नको!" आंते होडीच्या तळातून ओरडला. इतका चिडलेला मी त्याला कधी पाहिला नाही.

परत यायला तास लागला. वाऱ्याच्या तोंडावर तिरकं तिरकं यायचं, हातांत जोर नाही. होडी सगळा वेळ माझ्याशेजारून हळूहळू येत राहिली. आजोबांचं काही चालेना, आंते त्यांना पुढे जाऊच देईना. आमच्या तळापासून दोन किलोमीटर वरच्या पुळणीवर मी कशीबशी लागले. वाळूला गुडघे टेकले, आणि अंग असं थडथडायला लागलं, की दात वाजले.

भीती. दोन वर्षं ती होती. मी तिला तंबू म्हटलं, फिन म्हटलं, फोटो म्हटलं. आज पहिल्यांदा तिचं नाव लिहितेय. मी लॅन्सलिनला त्या शिडाखाली मरणार होते आणि मला ते माहीत होतं. सुटले नसते. आंते आला म्हणून वाचले.

केल गाडी घेऊन आला तेव्हा मी अजून तशीच बसले होते. ताज्या पावाचा एक मोठा तुकडा तोडून त्याने माझ्या हातात दिला आणि तो माझं शीड सोडायला लागला.

शुक्रवार, ६ डिसेंबर

काल दुपारी केल आंतेला कार्नार्व्हनला डॉक्टरांकडे दाखवून परत घेऊन आला. दोन बरगड्यांना चीर. घरी जायला सांगितलंय. तो म्हणतो, खुर्चीत बसायला घर कशाला हवं, खुर्ची इथेही आहे.

आणि आज मी लाटेवर गेले!!!

शीड मी स्वतः बांधलं. ग्लेनिस लंगडत आली, गाठी तपासल्या आणि एकही पुन्हा बांधली नाही. भीती होतीच, माझ्याबरोबर फळीवर उभी. बरं, म्हटलं, ये.

पहिल्या लाटेने मला धुऊन काढलं. खाली, अंधारात, गरगर. दोरी सुटली, शीड सुटलं, मी मोजलं. सहापर्यंत गेले आणि डोकं वर आलं. फक्त सहा! मी हसत सुटले, तोंडात पाणी गेलं तरी हसत होते.

दुसरीवर उभी राहिले. खाली वळले, वर वळले. माझ्या डाव्या खांद्याशी ती उलगडत येत होती, आतून उजेड येत होता तिच्या, हिरवा. किती वेळ? केल म्हणतो नऊ सेकंद. केलला मोजता येत नाही. मला विचाराल तर अख्खी दुपार.

किनाऱ्यावर आले तेव्हा आंते खुर्चीत, छातीला पट्टा, डोक्यावर ग्लेनिसची फुलांची टोपी.

"दहापैकी चार," तो म्हणाला.

"चार?"

"वरचं वळण उशिरा घेतलंस."

"मी तुझा जीव वाचवला, आंते!"

"त्याचे वेगळे गुण."

डोळे लाल झाले होते त्याचे. वाळू फार उडते इथे.

शनिवार, ७ डिसेंबर

चार लाटा. गुण पाच, पाच, तीन (अन्याय), सहा. हाताला फोड. वेळ नाही.

सोमवार, ९ डिसेंबर. नारालू, शेवटचा दिवस

उद्या पहाटे परत निघायचं. सकाळी आवराआवर झाली. केलने रानबोकडाचा निरोप घेतला; त्यांचं आता जमलंय.

चहा झाल्यावर आंते म्हणाला, जरा कड्यापर्यंत चालू या. डॉक्टरांनी त्याला हळूहळू चालायला सांगितलंय, म्हणून गेले बरोबर. त्याने स्वच्छ शर्ट घातला होता, इस्त्रीचा. इथे नारालूला इस्त्री कुठून आणली, हे विचारायचं राहिलंच.

"मोया," तो म्हणाला. मास्तरीण नाही, मोया. "पुढच्या उन्हाळ्यात दक्षिणेला जाऊ या का? एस्परन्सकडे. तिथे वाळू पांढरी आहे. वारा चांगला असतो. मी विचार करत होतो... आपण दोघंच."

काय भन्नाट कल्पना! दक्षिणेचा किनारा तर मी कधी धड पाहिलेलाच नाही. माझ्या डोक्यात लगेच थांबे मांडायला सुरुवात झाली. आल्बनी, ब्रेमर बे, मग एस्परन्स, तीन आठवडे तरी हवेत. मी त्याला म्हटलं, जाऊ या, नक्की जाऊ या, आजच ठरलं! त्याचा चेहरा असा उजळला, की त्याला एस्परन्स एवढं आवडत असेल असं मला वाटलं नव्हतं. त्याने माझा हात हातात घेतला. फोड अजून भरले नाहीत ना, ते बघत असावा.

मग मी म्हटलं, "पण दोघंच कशाला? फळ्या चढवायला, आलटून पालटून गाडी चालवायला चौघं लागतातच. केल आणि ग्लेनिसला आत्ताच सांगते, त्यांनी तारखा मोकळ्या ठेवायला हव्यात."

आंतेने टोपी काढली, आत बघितलं, परत घातली.

"सांग," म्हणाला. "मी काय, तेहतीस वर्षं थांबलोय."

"चौतीस होतील," मी त्याला दुरुस्त केलं.

खाली येऊन ग्लेनिसला सगळं सांगितलं, आंते काय म्हणाला, मी काय म्हटलं, शब्दन् शब्द. ती आधी माझ्याकडे बघतच राहिली. मग इतकी हसली, की तिला ठसका लागला आणि मला पाठ थोपटावी लागली. "बाई गं," ती म्हणाली, "तू खरंच पोरांना शिकवायचीस? तुझ्यावर सोपवायचे लोक पोरं?" केलला तर तिने उजव्या कानात सांगितलं, आणि तो तोंड दाबून ट्रेलरच्या पलीकडे जाऊन बसला.

एस्परन्समध्ये हसण्यासारखं काय आहे, मला कळलं नाही. परतीच्या वाटेवर विचारीनच. आत्ता नाही, साडेबारा वाजलेत, टाकीवरचा पत्रा वाजायला लागलाय आणि आंते खालून ओरडतोय, "मास्तरीण! वारा आला, ये लवकर!"